सोवेटो येथील एक छायाचित्र आणि त्याचा कर्ता

गेलीं पुष्कळ वर्षें आम्ही पदवीच्या वर्गास विसाव्या शतकाचा इतिहास शिकवीत आहोंत. दक्षिण आफ्रिकेचें प्रकरण आलें म्हणजे अखेरीस एक छायाचित्र पडद्यावर दाखवावयाचें, क्षणभर कांहीं न बोलतां थांबावयाचें आणि तास संपवावयाचा, असा आमचा परिपाठ पडून गेला होता. खरें सांगावयाचें तर त्यांत थोडी नाटकी हौसहि होती. शिक्षकाच्या धंद्यांत ती असतेच. दोन वर्षांपूर्वीं मात्र या परिपाठांत खंड पडला. मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, "सर, तो मुलगा त्या लहान मुलाला उचलून धांवतो आहे, ती मुलगी रडत धांवते आहे. पण हें चित्र काढणाऱ्याचे हात तर मोकळे होते ना? त्यानें काय केलें?" आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं, आणि म्हणून त्या एका चित्राच्या पाठीस लागून जें वाचावयास मिळालें तें वाचणें आम्हांस प्राप्त झालें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर होय.

चित्र बहुतेक वाचकांच्या पाहण्यांत आलेंच असेल. कामकऱ्याच्या पोशाखांतील एक तरुण दोन्ही हातांवर एका लहान मुलास घेऊन समोरून येत आहे. मुलाची मान कललेली आहे, पाय लोंबत आहेत, तोंडाशीं रक्त आहे. तरुणाचा चेहरा रडें आणि श्रम यांनीं वांकडा झाला आहे. शेजारीं शाळेच्या गणवेषांतील एक मुलगी धांवत आहे. तिचें तोंड उघडें आहे, आणि हात असा उचललेला आहे कीं, समोरून येणारें कांहीं तरी तिला तळव्यानें अडवावयाचें असावें. हातांवरचा मुलगा १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन. उचलणारा १८ वर्षांचा म्बुयिसा मखुबो. मुलगी हेक्टरची वडील बहीण आंत्वानेत. दिवस १६ जून १९७६. चित्र काढणारे सॅम न्झीमा हे जोहान्सबर्ग येथून निघणाऱ्या 'द वर्ल्ड' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार होते, आणि ते स्वतःहि कृष्णवर्णीयच होते. ही शेवटची गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार आहे.

सोवेटो हा शब्द एखाद्या आफ्रिकी भाषेंतला असावा असें ऐकणारास वाटतें. वस्तुतः 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स' या तीन इंग्रजी शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांची ती जोड आहे. जोहान्सबर्गच्या खाणींस, कारखान्यांस आणि गोऱ्यांच्या घरांस काळीं माणसें राबावयास लागत, परंतु तीं शहरांत राहिलेलीं चालत नसत. त्यांच्याकरितां शहराच्या नैर्ऋत्येस वसविलेली ही वस्ती. तेथील मुलांच्या शाळा १९५३ च्या कायद्यानें 'बांटू शिक्षण' या निराळ्या व्यवस्थेखालीं गेल्या होत्या. ठराविक प्रकारच्या मजुरीपलीकडे काळ्या माणसास गोऱ्या समाजांत स्थान नाहीं, हा या शिक्षणामागील विचार त्याचे पुरस्कर्ते फर्वूर्त यांनीं लपवून ठेविला नव्हता. या पायावर १९७४ सालीं आणखी एक हुकूम आला: माध्यमिक शाळांतील निम्मे विषय इंग्रजींतून आणि निम्मे आफ्रिकान्समधून शिकवावे, गणित व सामाजिक शास्त्रें आफ्रिकान्सच्या वांट्यास. डच वसाहतवाल्यांच्या वंशजांची ही भाषा विद्यार्थ्यांस तर नीट येत नव्हतीच, पण कित्येक शिक्षकांसहि येत नव्हती. आणि ज्यांना थोडीफार येत होती त्यांना ती मुख्यतः पोलिसाच्या आणि परवाने तपासणाऱ्या कारकुनाच्या तोंडून आलेली होती. मातृभाषा, राजभाषा आणि शिक्षणाचें माध्यम यांवर ज्या समाजांत पिढ्यान् पिढ्या वाद चालत आले आहेत, त्या आपल्या समाजास या हुकुमाचा डंख निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

१६ जूनच्या सकाळीं हजारों विद्यार्थी निरनिराळ्या शाळांतून निघून ऑर्लंडो येथील क्रीडांगणाकडे जाऊं लागले. हातीं पुठ्ठ्यांवर लिहिलेले फलक होते. ऑर्लंडो वेस्ट भागांत पोलिसांनीं त्यांस अडविलें. कुत्रीं सोडण्यांत आलीं, अश्रुधूर झाला, आणि त्यानंतर गोळ्या सुटल्या.

परंतु गोळ्यांपूर्वींची एक हकीकत आहे, व आमच्या विषयाच्या दृष्टीनें ती फार मोलाची आहे. पीटर मागुबाने हे दुसरे एक कृष्णवर्णीय छायाचित्रकार त्या दिवशीं तेथें होते. मुलांनीं त्यांस चित्रें घेण्यास प्रथम मनाई केली. चित्रांत आपले चेहरे आले कीं उद्यां पोलीस त्यावरून आपणांस हुडकून काढतील, हें त्यांचें म्हणणें. मागुबाने यांनीं मुलांशीं वाद घातला. ज्या लढ्याची नोंद राहत नाहीं तो लढा झालाच नाहीं असें होतें, अशा आशयाचें त्यांचें बोलणें पुढें प्रसिद्ध झालें आहे. मुलांनीं तें मानलें. हे गृहस्थ नुसते बोलके नव्हते. १९५० नंतरच्या दशकांत एका खटल्याच्या वेळीं न्यायालयाबाहेर चित्रें घेण्यास बंदी असतां त्यांनीं पाव आंतून पोखरून त्यांत कॅमेरा ठेविला होता, व पाव खात असल्याच्या मिषानें चित्रें घेतलीं होतीं. १९६९ सालीं पकडले गेल्यावर ५८६ दिवस ते एकांतकोठडींत होते, आणि सुटल्यावर पांच वर्षें त्यांच्यावर छायाचित्रें घेण्याचीच बंदी होती. ती मुदत संपून फार दिवस झाले नव्हते तोंच १६ जून उजाडला.

आतां या वादांत बाजू कोणाची खरी? प्रथमदर्शनीं आपण मागुबाने यांच्या बाजूनें उभे राहतों, कारण आपण चित्र पाहणारे आहोंत. चित्र निघालें नसतें तर आपलें नुकसान झालें असतें. मुलांच्या बाजूनें विचार करावयाचा तर थोडें मागें, आणि दूर, जावें लागतें. कॅमेऱ्याचें हें भय पोरकट नव्हतें. त्यास शंभर वर्षांचा इतिहास होता, आणि त्याचा आरंभ पॅरिस शहरीं झाला होता.

१८७१ च्या मार्चपासून मेअखेरपर्यंत पॅरिसवर 'कम्यून'चें राज्य होतें. त्या काळीं छायाचित्र घ्यावयाचें म्हणजे समोरच्या माणसांस स्थिर उभें राहावें लागे. धांवती लढाई कांचेवर उमटत नसे. म्हणून त्या बंडाचीं जीं चित्रें उरलीं आहेत त्यांत लढाई नाहीं. फरसबंदीच्या दगडांची आडभिंत रचून तिच्यासमोर बंदुका घेऊन, छाती काढून, ओळीनें उभे राहिलेले लोक आहेत. १६ मे रोजीं वांदोम चौकांतील नेपोलियनचा स्तंभ पाडला गेला, तेव्हां पडलेल्या पुतळ्याभोंवतीं असेच लोक जमून उभे राहिले, आणि ब्रूनो ब्राकेए या छायाचित्रकारानें त्यांचीं चित्रें घेतलीं. आपण इतिहास घडविला याची खूण राहावी, एवढीच त्यांची इच्छा. आठवडाभरांत व्हर्सायचें सैन्य शहरांत शिरलें, रस्त्यांत रक्ताचा चिखल झाला, आणि त्यानंतर हींच चित्रें पोलिसांच्या टेबलावर आलीं. कोण कोठें उभा होता हें त्यांवरून ओळखतां येत होतें. आपल्याविरुद्धचा पुरावा त्या बिचाऱ्यांनीं मुद्दाम स्थिर उभें राहून दिला होता! इतकेंच करून हें प्रकरण थांबलें नाहीं. आपेर नांवाच्या एका छायाचित्रकारानें कम्यूनचीं दुष्कृत्यें म्हणून एक चित्रमाला काढली. भाड्याचे नट उभे करून वधाचे प्रसंग सजवावयाचे, त्यांवर खऱ्या माणसांचीं डोकीं कापून चिकटवावयाचीं, व पुनः छायाचित्र घ्यावयाचें, ही त्याची कृति. त्यांतील कित्येक मुखवटे त्यानें व्हर्सायच्या तुरुंगांत बंदिवानांचीं चित्रें घेतांना मिळविले होते. कांच खोटें बोलत नाहीं हा समज रुजूं लागला होता तोंच कांचेस खोटें बोलावयास शिकविणारा भेटला.

सोवेटोच्या मुलांनीं हा फ्रेंच इतिहास वाचला होता असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांना तो वाचण्याची गरज नव्हती. ज्या देशांत प्रत्येक प्रौढ काळ्या माणसास स्वतःचें छायाचित्र चिकटविलेलें परवाना-पुस्तक जवळ बाळगावें लागे आणि तें नसेल तर कोठडी ठरलेली असे, त्या देशांत कॅमेरा म्हणजे प्रथम सरकारचा डोळा होता. तो आपल्या बाजूचाहि असूं शकतो, हें कोणी तरी आपल्यांतल्यानें येऊन पटवावें लागत होतें. न्झीमा आणि मागुबाने यांच्या वर्णाचें महत्त्व येथें आहे. गोरा छायाचित्रकार त्या गर्दींत त्या दिवशीं सुरक्षितपणें उभा राहूं शकला असता कीं नाहीं ही शंकाच आहे. आणि काळा छायाचित्रकार पोलिसांपुढें सुरक्षित नव्हता याविषयीं शंका नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊं. गोळ्या सुटल्या, मुलें पांगलीं, हेक्टर पडला. म्बुयिसा हा त्याचा नातेवाईक नव्हता कीं मित्र नव्हता; तो जवळच उभा होता. त्यानें मुलास उचललें आणि तो धांवत सुटला. न्झीमा यांनीं तो येत असतां एकामागून एक सहा चित्रें घेतलीं. म्बुयिसा धांवत होता तो कोणीकडे? न्झीमा आणि त्यांची सहकारी बातमीदार सोफी तेमा यांच्या वृत्तपत्राची लहानशी मोटार तेथें उभी होती तिकडे. मुलास त्याच मोटारींत घालून जवळच्या दवाखान्यांत नेण्यांत आलें, व तेथें तो मृत असल्याचें सांगण्यांत आलें. म्हणजे ज्यांनीं चित्र घेतलें त्यांच्याच वाहनांतून तो मुलगा नेला गेला. ही गोष्ट चित्रांत दिसत नाहीं, कारण मोटार कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूस होती. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनें चित्राचा जो अर्थ लावला तो चित्रावरून योग्यच होता, परंतु चित्राच्या चौकटीबाहेर त्याचें उत्तर उभें होतें.

यावरून छायाचित्रकारास दोषमुक्त करून टाळी वाजविण्याचा आमचा हेतु नाहीं. सहा वेळां कळ दाबावयास जो कांहीं वेळ लागला, तेवढा वेळ न्झीमा यांचे हात त्या मुलाच्या कामास आले नाहींत, हें खरेंच आहे. मात्र तेच हात लगेच दुसरें एक काम करीत होते. पोलीस येणार हें ओळखून त्यांनीं ती फिल्म कॅमेऱ्यांतून काढली आणि पायमोज्यांत लपविली. पुढें पोलिसांनीं त्यांस गांठून कॅमेरा उघडावयास लावला व हातीं लागलेल्या फिल्मा उजेडांत धरून नासविल्या. मोजा मात्र तपासला नाहीं. तेथून ती फिल्म कचेरींत पोंचली. चित्र छापावें कीं छापूं नये, छापल्यास वस्त्या पेटतील काय, असा तेथें खल झाला, आणि त्याच दिवशीं चित्र छापून निघालें. दुसऱ्या दिवशीं तें जगभरच्या वृत्तपत्रांत होतें. त्या देशांत दूरचित्रवाणी त्याच वर्षाच्या जानेवारींत सुरू झाली होती व ती सर्वस्वीं सरकारच्या वळणाची होती. तेव्हां त्या दिवसाचें जें कांहीं जगास दिसलें त्यांतील फार मोठा भाग एका मोज्यांतून बाहेर आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

छायाचित्र पुरावा म्हणून काय करूं शकतें याचा एक दाखला त्या देशांत आधींच घडून गेला होता. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें परवान्याच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. सरकारी आंकड्याप्रमाणें ६९ माणसें मेलीं. अलीकडच्या संशोधनांत हा आंकडा निदान ९१ होता असें दिसून आलें आहे. 'ड्रम' मासिकाचे इयन बेरी हे त्या वेळीं तेथें होते. जमाव आमच्या अंगावर चालून आला, असें पोलिसांचें म्हणणें. बेरी यांच्या चित्रांत मात्र माणसें कॅमेऱ्याकडे, म्हणजे पोलिसांकडे पाठ करून, धांवत होतीं. ज्यांच्या पाठींत गोळ्या लागल्या होत्या ते काय करीत होते हें पुढें चौकशींत या चित्रांनीं दाखवून दिलें. येथें छायाचित्रानें साक्षीदाराचें काम केलें. सोवेटोच्या चित्रानें तें केलें नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. त्या चित्रांत गोळी नाहीं, बंदूक नाहीं, एकहि पोलीस नाहीं. कोणीं मारलें हें तें चित्र सांगत नाहीं. कोण मेलें तेवढेंच सांगतें. तरीहि शार्पव्हिलच्या चित्रांहून जगास तेंच अधिक स्मरतें. याचें कारण शोधूं लागलों म्हणजे आपण चित्राकडून आपल्याकडे वळतों.

पाश्चात्त्य लेखकांनीं या चित्राची तुलना मायकेल अँजेलोच्या त्या प्रसिद्ध शिल्पाशीं वारंवार केली आहे, ज्यांत मेरी मृत ख्रिस्तास मांडीवर घेऊन बसली आहे. त्यांना तें शिल्प आठवावें हें साहजिक आहे. लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांपुढें तें आहे. आम्हांस विचाराल तर हें चित्र पहिल्यानें पाहिलें तेव्हां आम्हांस स्मशानवाटेवरील तारामती आणि तिच्या हातांवरील रोहिदास आठवला. आमच्या आजीनें ती कथा इतक्या वेळां आणि इतकें रडून सांगितली होती कीं, हातांवर मेलेलें मूल दिसलें म्हणजे आमचें मन दुसरीकडे जातच नाहीं. सारांश, प्रत्येक समाज अनोळखी चित्र वाचावयास आपलें ओळखीचें चित्र घेऊन जातो. त्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि त्यांतच एक फसगतहि आहे. रोहिदास साप चावून मेला होता आणि शेवटीं देवानें त्याला उठविलें. ख्रिस्ताचें मरण त्याच्या भक्तांच्या मतें जगाच्या उद्धारासाठीं होतें. हेक्टर पीटरसन गणित कोणत्या भाषेंत शिकावें या प्रश्नावरील मिरवणुकींत एका सरकारच्या नोकरांनीं झाडलेल्या गोळीनें मेला, आणि त्याला कोणीं उठविलें नाहीं. दुःखाचें चित्र जितकें सनातन दिसावें तितका त्यांतील अपराधी पुसट होतो. चित्र सुंदर आहे असें म्हणतांना जीभ अडखळावी ती एवढ्याचकरितां.

चौकटीबाहेर आणखीहि माणसें राहिलीं. हेस्टिंग्ज न्द्लोवु नांवाचा १५ वर्षांचा विद्यार्थी हेक्टरच्या आधीं गोळी लागून पडला होता, असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्याजवळ त्या वेळीं कोणी छायाचित्रकार नव्हता. पहिला बळी म्हणून जगानें वर्षानुवर्षें हेक्टरचें नांव घेतलें, त्याच्या नांवाचें संग्रहालय २००२ मध्यें उघडलें. हेस्टिंग्जचें नांव पुष्कळ उशिरां, आणि हळू आवाजांत, उच्चारलें जाऊं लागलें. दोघांच्या मरणांत अंतर कांहीं मिनिटांचें आणि एका कॅमेऱ्याचें. त्याच दिवशीं डॉक्टर मेल्व्हिल एडेलस्टाइन हे सोवेटोंत समाजकल्याणाचें काम करणारे गोरे अधिकारी खवळलेल्या जमावाच्या हातून ठार झाले. सोवेटोच्या तरुणांच्या मनांत काय खदखदत आहे याचा त्यांनीं अभ्यास केला होता व त्या तरुणांविषयीं त्यांना कळकळ होती. प्रतिकाराची गाथा गाणारांस हें मरण अडचणीचें वाटतें, आणि सरकारच्या बाजूच्या लोकांस तेंच एक मरण बोलण्यासारखें वाटे. आम्ही वर्गांत इतकीं वर्षें हेक्टरचें चित्र दाखवीत आलों, परंतु एडेलस्टाइन यांचें नांव एकदांहि घेतलें नाहीं, याची आम्हांस लाज वाटते. पुढील महिन्यांत दंगल देशभर पसरली. सरकारी चौकशी-आयोगानें फेब्रुवारी १९७७ अखेरपर्यंतच्या मृतांची संख्या ५७५ सांगितली. त्यांपैकीं किती जणांचीं चित्रें आपणांस आठवतात?

चित्र घेणाराची किंमतहि सांगावयास हवी. जगाला ती फार उशिरां कळली. 'द वर्ल्ड' वर सरकारनें ऑक्टोबर १९७७ मध्यें बंदी घातली व त्याचे संपादक पर्सी कोबोझा यांस तुरुंगांत टाकलें. न्झीमा तोंपर्यंत तेथें राहिलेच नव्हते. पोलीस आपल्या मागावर आहेत, चित्रें घेत असतांनाच गोळी घालतील, अशी खबर त्यांस लागली आणि त्यांनीं नोकरी सोडून लिलीडेल हें आपलें खेडें गांठलें. तेथेंहि पोलिसांनीं त्यांस स्थानबद्ध करून पहाऱ्यांत ठेविलें. जगांतील अत्यंत गाजलेल्या चित्रांपैकीं एकाच्या या कर्त्यानें त्यानंतर वृत्तपत्राचा छायाचित्रकार म्हणून काम केलें नाहीं. गांवांत दुकान चालवून तो राहिला. चित्र मात्र स्वस्थ राहिलें नाहीं. तें भित्तिपत्रकांवर छापलें गेलें, कापडी सदऱ्यांवर छापलें गेलें, सभांच्या मंडपांत टांगलें गेलें; आणि कायद्याच्या दृष्टीनें त्याची मालकी पगार देणाराकडे असल्यामुळें त्यावर कर्त्याचा हक्क नव्हता. १९९८ सालीं, म्हणजे २२ वर्षांनीं, तो त्यास मिळाला. म्हातारपणीं न्झीमा आपल्या गांवच्या मुलांस छायाचित्रण शिकवीत. २०१८ च्या मे महिन्यांत वयाच्या ८३ व्या वर्षीं ते वारले.

अर्नेस्ट कोल यांची हकीकत याहून विदारक आहे, पण ती स्वतंत्र लेखाचा विषय. एवढेंच सांगतों कीं, काळ्यांस न मिळणारी मोकळीक 'मिश्रवर्णीय' ठरल्यानें मिळे, म्हणून त्यांनीं आपलें 'कोले' हें आडनांव बदलून 'कोल' असें केलें, आणि त्या मोकळिकीच्या आधारानें १९६७ चा आपला चित्रग्रंथ सिद्ध केला. आणि काय योग पाहा: हेक्टरच्या घराण्याचें मूळ आडनांव 'पित्सो', तेंहि याच कारणानें 'पीटरसन' झालेलें. चित्र घेणारा आणि चित्रांत येणारा, दोघांवरहि प्रथम आपलें नांव लपविण्याची पाळी त्या राज्यानें आणली होती.

राहतां राहिला म्बुयिसा. चित्र छापलें गेलें आणि मुलांनीं सकाळीं जें भय बोलून दाखविलें होतें तें त्याच्या बाबतींत अक्षरशः खरें झालें. त्याचा चेहरा साऱ्या जगास ओळखूं येत होता, तसा पोलिसांसहि. ते त्याच्या घरीं येऊं लागले. सरकारची नाचक्की व्हावी म्हणून त्यानें मुद्दाम छायाचित्रास उभें राहून दिलें, असा त्याच्यावर वहीम! तो देश सोडून प्रथम बोट्स्वानांत व नंतर नायजेरियांत गेला. १९७८ सालीं त्याचें तेथून आईस एक पत्र आलें. त्यानंतर पत्र आलें नाहीं. मागुबाने मुलांस म्हणाले होते तें खरें होतें, आणि मुलें म्हणत होतीं तेंहि खरें होतें. पहिल्याचा लाभ आपणां सर्वांस झाला; दुसऱ्याची भरपाई एकट्या म्बुयिसानें केली.

वर्णद्वेषी राज्य गेल्यावर नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगापुढें १९९६ मध्यें त्याची आई नोम्बुलेलो मखुबो हिनें साक्ष दिली. तिचे कांहीं शब्द आतां त्या संग्रहालयांत लावले आहेत. माझा मुलगा वीर नव्हे, असें ती म्हणते. आमच्या रीतीप्रमाणें पडलेल्या मुलास उचलणें ही वीरता नव्हे, तें भावाचें कामच आहे. त्याला जमिनीवर टाकून म्बुयिसा ओलांडून गेला असता आणि कोणीं तें पाहिलें असतें, तर त्याला पुढें या वस्तींत राहतां आलें नसतें. इतक्या पुस्तकांत, इतक्या भाषांत या चित्राचे अर्थ लावले गेले. त्यांत याहून नेमका अर्थ आमच्या वाचनांत आला नाहीं. मुलाचें पुढें काय झालें हें मात्र तिला कोणीं सांगूं शकलें नाहीं, आणि तें न कळतांच ती वारली.